नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आलात आणि घरात छळ सुरू झाला तर: काय करायचं, कुठल्या क्रमाने

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. “एक फोन केला की तुला उद्या डिपोर्ट करतील” असं नवरा म्हणत असेल, तर तसा फोन नंबर कुठेही नाही. तुमच्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज तो मागे घेऊ शकतो, घटस्फोटाचा दावा लावू शकतो, नोकरी सोडून पुण्याला परत जाऊ शकतो. या तिन्हींची झळ तुमच्या कागदपत्रांना लागते आणि ती थोडीथोडकी नसते. पण तुम्हाला देशाबाहेर काढायचं की नाही हे त्याच्या हातात नाही. उलट १९९६ पासून अमेरिकी कायद्यात असं कलम आहे की केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवर विसंबून इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला तुमच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही. तुम्ही संरक्षणासाठी अर्ज केला आहे का, हेसुद्धा अधिकाऱ्यांना नवऱ्याला सांगता येत नाही.

हा लेख मुख्यतः एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरून बायकोला मिळणारा व्हिसा) किंवा लग्नामुळे मिळालेल्या ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या बायकांसाठी लिहिला आहे. कायद्यांच्या नावात ‘विमेन’ असलं तरी पुरुषांनाही ते तितकेच लागू आहेत.

यात क्रम फार महत्त्वाचा. आधी घटस्फोटाच्या कागदांवर सही आणि मग वकील, आधी भारताचं तिकीट आणि मग चौकशी, असं झालं की हाताशी असलेले मार्गसुद्धा बंद होतात. म्हणून पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने वाचा.

पायरी १: आत्ता मारहाण होत असेल तर

९११ लावा. इंग्रजी सुचत नसेल तर आधी पत्ता सांगा, मग “मराठी इंटरप्रिटर” किंवा “हिंदी इंटरप्रिटर” एवढंच म्हणा. फोनवर दुभाषी जोडून देतात. पोलीस दारात आल्यावर खरी गफलत होते. नवरा सहा वर्षं इथे राहिलेला, इंग्रजी फाडफाड, आणि तुम्ही रडत कोपऱ्यात. तो सांगेल ते टिपलं जातं. म्हणून त्याला किंवा मुलाला तुमचा दुभाषी होऊ देऊ नका आणि वेगळ्या खोलीत बोलायचा आग्रह धरा. स्वतःला वाचवताना तुमच्या नखाचा ओरखडा त्याला उठला असेल तर तो कसा उठला हे तुम्हीच आधी सांगा. नाहीतर दोघांनाही, कधी एकट्या तुम्हालाच, अटक होऊ शकते आणि ती नोंद पुढे प्रत्येक इमिग्रेशन अर्जात समजावून सांगत बसावी लागते. निघताना रिपोर्टचा नंबर आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या. गळा दाबला असेल तर बाहेर खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतली इजा उशिरा कळते, आणि डॉक्टरांची नोंद हा पुढे पुरावाही होतो.

आता अडचणीचा प्रश्न. “त्याला अटक झाली तर त्याची नोकरी जाईल, मग माझा एच-४ पण जाईल.” ही भीती खोटी नाही. अटकेनंतर त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो आणि कौटुंबिक हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर तो हद्दपारीस पात्र ठरतो. तो इथून गेला तर तुमच्या एच-४ चा आधारही संपतो. तरीसुद्धा जिवावर बेतत असेल तेव्हा हा हिशेब करत बसू नका. जीव वाचला तर मार्ग निघतात, आणि त्यातले काही मार्ग नेमके अशा बाईसाठीच केलेले आहेत.

पोलिसांशिवायही एक वाट आहे. राज्याच्या कोर्टातून दिवाणी प्रोटेक्शन ऑर्डर मिळते. त्यासाठी अटक किंवा फौजदारी खटला लागत नाही, तुमचा व्हिसा कुठला हे बघितलं जात नाही, आणि घरगुती हिंसेच्या प्रकरणात अर्जाची फी घेत नाहीत. नवऱ्याने घराबाहेर राहावं, जवळ यायचं नाही, फोन करायचा नाही असं कोर्ट सांगू शकतं. तुमचा पासपोर्ट परत द्यायला लावा अशी मागणीही त्यात घालता येते. नुसती ऑर्डर निघाल्याने त्याचा एच-१बी जात नाही. त्याने ती मोडली आणि कोर्टाला तसं आढळलं तर मात्र त्याच्यावर इमिग्रेशनची कारवाई होऊ शकते.

तुमचं स्वतःचं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याची कायदेशीर मुभा, आधीच संपलेलं असेल तर थोडी जास्त सावधगिरी हवी. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत स्थानिक पोलीस आणि इमिग्रेशन खात्याचं सहकार्य जवळचं आहे. २०२५ च्या जानेवारीत शाळा, इस्पितळं, शेल्टर अशा जागी इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं जुनं धोरणही मागे घेतलं गेलं. अशा वेळी कोर्टात जाण्याआधी मदत संस्थेशी बोला.

पायरी २: बोलायचं कोणाशी

राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, दुभाषी मिळतो. फोनवर बोलणं शक्य नसेल तर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून ८८७८८ वर मेसेज करा.

आपल्या लोकांच्या घरातली गणितं अमेरिकी समुपदेशकाला समजावण्यात अर्धा तास जातो. सासूबाई सहा महिने राहायला आल्यावर काय बदलतं, दागिने कोणाच्या लॉकरला असतात, “लोक काय म्हणतील” याचं वजन किती, हे दक्षिण आशियाई संस्थांना वेगळं सांगावं लागत नाही. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून काम करते, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘मैत्री’ आणि ‘नारिका’, शिकागोत ‘अपना घर’, ह्यूस्टनला ‘दया’, अटलांटाला ‘रक्षा’, बॉस्टनकडे ‘सहेली’. तुमच्या शहरात यातलं कोणी नसलं तरी फोन करा; त्या जवळच्या संस्थेचा पत्ता देतात.

महाराष्ट्र मंडळातल्या एखाद्या काकूंकडे मन मोकळं करायला हरकत नाही. पण तुमचा बेत आणि कागद त्यांच्याकडे ठेवू नका. गणपतीच्या आरतीला तुमचा नवराही त्याच हॉलमध्ये असतो, आणि “जुळवून घे गं, सगळ्यांच्या घरात असतं” असं म्हणणारी माणसं वाईट नसली तरी पोटात गोष्ट ठेवू शकतीलच असं नाही.

हे फोन करायचे कुठल्या फोनवरून, हेही बघा. फॅमिली प्लॅनच्या बिलावर कॉलची यादी येते. त्याच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं असू शकतं, गुगल किंवा ॲपलचं खातं सामाईक असेल तर तुम्ही कुठे आहात तेही दिसतं. सार्वजनिक वाचनालयातला कॉम्प्युटर आणि त्याला माहीत नसलेला नवा ईमेल, एवढ्यावर सुरुवात होते.

पायरी ३: कागद

मूळ प्रती मिळाल्या तर उत्तम. नाहीतर फोटो काढून त्या नव्या ईमेलवर पाठवा आणि मेसेज पुसून टाका. लागणाऱ्या गोष्टी: तुमचा पासपोर्ट आणि व्हिसाचं पान, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद), आलेल्या मंजुरीच्या नोटिसा, मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला. नवऱ्याच्याही पासपोर्टचा, ग्रीन कार्डचा किंवा एच-१बीच्या मंजुरीचा फोटो जमला तर घ्या, कारण तुमचा मार्ग त्याच्या स्टेटसवरून ठरतो. आय-९४ घरातून मिळवायची गरज नाही. पासपोर्टवरची माहिती भरली की सीमाशुल्क खात्याच्या सरकारी साइटवरून ती उतरवून घेता येते.

पासपोर्ट त्याने दडवून ठेवला असेल तर लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, नवऱ्याची नव्हे. पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकता येते. अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून नवऱ्याने टाकलेल्या बायकांना कायदेशीर मदत देण्याची तरतूद आहे. दूतावासाकडून इमिग्रेशनचा सल्ला मात्र घेऊ नका. ते त्यांचं काम नाही.

पायरी ४: तुमचा मार्ग कुठला

इथे सगळं एका प्रश्नावर येतं: छळ करणाऱ्याकडे काय आहे? नागरिकत्व, ग्रीन कार्ड, की एच-१बी?

*तो अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर.* तुमचा कायदा १९९४ चा, ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट’. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘व्हॉवा’ म्हणतात. त्याखाली तुम्ही स्वतःच फॉर्म आय-३६० भरता. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलं जात नाही, फॉर्मला फी नाही. दाखवायच्या गोष्टी अशा: लग्न खरं होतं, ग्रीन कार्डपुरतं केलेलं नव्हतं, तुम्ही त्याच्यासोबत राहिलात, त्याने मारहाण किंवा ‘अतिशय क्रूर वागणूक’ केली, आणि तुमची वर्तणूक चांगली आहे. २१ वर्षांखालची अविवाहित मुलं तुमच्याच अर्जात येतात.

‘अतिशय क्रूर वागणूक’ म्हणजे हातच उचलायला हवा असं नाही. पगार, कार्ड, बँक सगळं स्वतःच्या ताब्यात ठेवणं, माहेरी फोन करू न देणं, दिवसभर कॅमेऱ्यातून पाळत, डिपोर्ट करायच्या धमक्या, शरीरसंबंधांची जबरदस्ती, हे सारं त्यात येतं. सासूचा छळ एकटा पुरत नाही. नवरा त्यात सामील होता किंवा समोर चाललेलं बघून त्याला मुकाट संमती देत होता, असं दाखवावं लागतं. आपल्याकडच्या निवेदनांत नेमकी हीच जागा कच्ची राहते: चार पानं सासूबद्दल आणि नवऱ्याबद्दल दोन ओळी.

घटस्फोट झालेला असेल तरी दोन वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो, फक्त घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवावा लागतो. आणि अर्ज मंजूर होण्याआधी दुसरं लग्न केलंत तर तो बाद होतो.

याच कायद्यात एक तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. २१ वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक असेल आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या आईवडिलांचा ते छळ करत असतील, तर आईवडिलांनाही आय-३६० भरता येतो. नातवंडं सांभाळायला बोलावलेली, पासपोर्ट मुलाच्या कपाटात, औषधालाही पैसे मागावे लागणारी म्हातारी माणसं आपल्यात आहेत. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर मात्र ही सोय नाही.

*तुम्हाला दोन वर्षांचं ग्रीन कार्ड मिळालं असेल तर.* लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं की ते अटींचं असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून त्या अटी काढण्यासाठी फॉर्म आय-७५१ भरायचा असतो. “सही करणार नाही, बघू कशी राहतेस” ही धमकी इथून येते. छळ झाला असेल तर त्याच फॉर्मवर सवलतीची चौकट आहे. ती निवडून तुम्ही एकटीने अर्ज करू शकता, ९० दिवसांची वाट न बघता, आणि त्यासाठी घटस्फोट झालेला असायलाच हवा असंही नाही. शिवाय लग्नावरून ग्रीन कार्ड देताना नवऱ्याने आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही केलेली असते. तुमचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची ती जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. घटस्फोटाच्या वकिलाला हे आवर्जून सांगा, सगळ्यांच्या लक्षात असतंच असं नाही.

*तो एच-१बी वर आणि तुम्ही एच-४ वर असाल तर.* मराठी बायकांपैकी पुष्कळ जणी इथे आहेत आणि नेमक्या इथेच कायदा तोकडा पडतो. नवरा नागरिक नाही, ग्रीन कार्डधारक नाही, म्हणून आय-३६० चा रस्ता बंद. भारतीयांची रोजगारावरच्या ग्रीन कार्डची रांग इतकी लांब, की नवऱ्याची फाइल मंजूर होऊनही वर्षानुवर्षं हीच अवस्था राहते. त्याचं ग्रीन कार्ड येण्याआधी घटस्फोट झाला तर त्या रांगेतली तुमची जागाही जाते.

तुमच्यासाठी आहे तो फॉर्म आय-७६५व्ही, ‘छळ झालेल्या जोडीदाराचं वर्क परमिट’. कायद्यात ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली; प्रत्यक्ष अर्ज घ्यायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. एच खेरीज ए, जी आणि ई-३ व्हिसाच्या जोडीदारांनाही ती आहे. एफ-२, जे-२ आणि एल-२ वाल्यांना नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल कुठपर्यंत आली याच्याशी या परमिटचा संबंध नाही. एच-४ वाल्या काही जणींना नवऱ्याच्या फाइलवरून मिळणारं ईएडी, म्हणजे वर्क परमिट, ते वेगळं. घटस्फोट होऊन दोन वर्षं उलटली नसतील आणि त्यामागे छळ असेल तर अजूनही अर्ज करता येतो. तुम्ही अमेरिकेत राहत असणं मात्र आवश्यक.

पण याचा अर्थ नीट समजून घ्या. या परमिटवर नोकरी करता येते, सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेता येतं. राहण्याचं स्टेटस मिळत नाही. घटस्फोटाचा हुकूम निघाला की एच-४ संपतो आणि हे कार्ड तो परत आणून देत नाही. म्हणून हुकूम निघण्याआधीच, एच-४ जिवंत असताना, पुढच्या स्टेटसची सोय बघायची: शिकायचं असेल तर स्टेटस बदलण्याचा फॉर्म आय-५३९ भरून विद्यार्थ्यांचं एफ-१ मागणं, किंवा स्वतःचा एच-१बी. लग्नाआधी किंवा सुरुवातीला तुम्ही स्वतः एच-१बीवर काम केलं असेल आणि सहा वर्षं पुरी झाली नसतील, तर लॉटरीत न जाता उरलेली वर्षं वापरता येतात का हे वकिलाला विचारा. पुष्कळ इंजिनिअर मुली मूल झाल्यावर एच-१बी सोडून एच-४ वर गेलेल्या असतात आणि हा धागा विसरून जातात.

*नवरा कुठल्याही स्टेटसवर असो, किंवा गुन्हा करणारा घरचा नसो.* मग यू व्हिसा. २००० साली झालेल्या कायद्यातला. घरगुती हिंसा, बलात्कार, पाठलाग, डांबून ठेवणं, खंडणी, गंभीर मारहाण, साक्षीदाराला धमकावणं अशा ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासात मदत केलेल्या माणसाला तो मिळतो. गुन्हेगाराचं स्टेटस विचारत नाहीत. गॅस स्टेशनवर किंवा मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळीला काम करणाऱ्यालाही बंदुकीच्या धाकाने झालेल्या हल्ल्यानंतर तो लागू पडू शकतो.

अर्ज आय-९१८, फी नाही. त्याचा कणा म्हणजे ‘सप्लिमेंट बी’: तुम्ही मदत केलीत असं पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा बाल संरक्षण विभागासारख्या यंत्रणेने सही करून दिलेलं पत्र. सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर नवी सही. खटला जिंकायलाच हवा किंवा आरोपी सापडायलाच हवा अशी अट नाही.

आता कटू भाग. मूळ अर्जदारांना वर्षाला फक्त १०,००० यू व्हिसा मिळतात आणि रांगेत लाखो लोक आहेत. निकालाला कित्येक वर्षं लागतात. २०२१ पासून अर्ज प्रामाणिक दिसला तर मधल्या काळात वर्क परमिट आणि हद्दपारीला तात्पुरती स्थगिती देण्याची पद्धत सुरू झाली, तिच्यासाठीही थांबावं लागतं. व्हिसा मिळाला की चार वर्षांचा, आणि तीन वर्षं सलग इथे राहिल्यावर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. घरगुती हिंसेची पोलिसांत नोंद आहे अशा एच-४ वाल्या बाईने आय-७६५व्ही सोबत हाही अर्ज विचारात घ्यावा, असं माझं मत आहे. एकाने आज पोटापाण्याची सोय होते, दुसऱ्याने लांबवरचं दार उघडं राहतं.

याच व्हिसाच्या नावाने एक धंदाही चालतो. दुकानावर खोटा दरोडा घडवून आणायचा, कॅमेऱ्यात टिपायचा आणि मालक-नोकराने बळी म्हणून अर्ज करायचा. अशा प्रकरणांत अलीकडे अमेरिकेत भारतीयांवर खटले झाले आहेत. कोणी एजंट “गुन्ह्याची व्यवस्था करून देतो” म्हणाला तर तिथून चालते व्हा.

*कामावर डांबून ठेवलं असेल तर.* टी व्हिसा, फॉर्म आय-९१४, तोही विनाशुल्क, वर्षाला ५,००० ची मर्यादा. जबरदस्तीने, फसवून किंवा धाकाने काम करवून घेणं म्हणजे मानवी तस्करी, मग माणूस वैध व्हिसावर आलेला असला तरी. कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या गोद्यांवर सुमारे ५०० भारतीय वेल्डर, पाइपफिटर आणले होते. ग्रीन कार्डचं आमिष, भरतीसाठी हजारो डॉलर उकळलेले, राहायला कुंपणातल्या गजबजलेल्या खोल्या. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने त्यातल्या पाच जणांना १.४ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला. घरकामाला, मुलं सांभाळायला भारतातून आणलेल्या, पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात आणि पगार नावाला, अशा बायकांनाही हाच कायदा लागतो. असं कोणी शेजारी दिसलं तर तस्करीविरोधी हेल्पलाइन आहे: १-८८८-३७३-७८८८.

पायरी ५: या तीन गोष्टी वकिलाला विचारल्याशिवाय करू नका

भारतात जाणं. “महिनाभर माहेरी जाऊन ये, मन शांत होईल, तिकीट मी काढतो.” टाकून देण्याची ही सगळ्यात जुनी पद्धत आहे. मागून घटस्फोटाचा दावा लागतो, फोन ब्लॉक होतो, परतीचा व्हिसा उरत नाही. बाहेर गेलात की आय-७६५व्ही संपला. आय-३६० बाहेरून भरता येतो, पण छळ अमेरिकेत झाला असेल किंवा नवरा अमेरिकी सरकारच्या किंवा लष्कराच्या नोकरीत असेल तरच. यू व्हिसाचा अर्ज बाहेरूनही करता येतो. शिवाय स्टेटस संपल्यानंतर १८० दिवसांपेक्षा जास्त इथे राहून मग बाहेर पडलात तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून पडलात तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी लागते. जाऊन आधीच अडकला असाल तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करा आणि अमेरिकेतल्या घटस्फोटाच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. एकतर्फी परदेशी घटस्फोट भारतीय कोर्ट मानेलच असं नाही, पण अमेरिकी इमिग्रेशन तो मानतं.

मुलांना घेऊन परतणं. आईने मुलांना माहेरी नेलं तर त्यात काय गैर, असं आपल्याला वाटतं. अमेरिकी कायद्यात दुसऱ्या पालकाच्या ताब्याच्या हक्काला बाधा आणून मुलांना देशाबाहेर नेणं हा १९९३ पासून फेडरल गुन्हा आहे. भारत बालअपहरणाविषयीच्या हेग करारात नाही, म्हणून तिथली कोर्टं मुलं लगेच परत पाठवतील असं नाही. पण तुमच्यावर इथे वॉरंट निघू शकतं, आणि मग अमेरिकेचं दार तुमच्यापुरतं बंद. आधी इथल्या कोर्टाकडून मुलांचा ताबा आणि प्रवासाची परवानगी.

घटस्फोटाच्या कागदांवर सही. कारण वर आलंच आहे. घटस्फोटाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील वेगळे असतात, आणि पहिल्याला दुसऱ्याचं काम कळतंच असं नाही. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. भारतात घातलेली केस गरजेची असू शकते, पण पुण्याच्या कोर्टातल्या तारखांनी इथलं स्टेटस वाचत नाही.

पायरी ६: पुरावा आणि निवेदन

आय-३६० साठी कायदा ‘विश्वासार्ह असा कोणताही पुरावा’ ग्राह्य धरतो. पोलीस रिपोर्ट नसला म्हणून अर्ज पडत नाही. फोटो, डॉक्टरांच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज तारखेसकट, शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र, समुपदेशकाचा अहवाल, ज्या मैत्रिणीकडे रात्र काढली तिचं प्रतिज्ञापत्र. लग्न खरं होतं हे दाखवायला साखरपुड्यापासूनचे फोटो, लग्नपत्रिका, दोघांच्या नावाचा भाडेकरार, सामाईक खातं, टॅक्स रिटर्न. खात्यावर तुमचं नावच नसेल तर त्याने ते का घातलं नाही हेच लिहा. आर्थिक कोंडीचा तोही पुरावा.

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतरकाराने ‘भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं सही करून लिहून दिलं की पुरतं, त्याला सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे सातारच्या नगरपालिकेचा दाखला किंवा आईला पाठवलेले मराठी मेसेज चांगलं इंग्रजी येणारी मैत्रीणही करून देऊ शकते.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे तुमचं स्वतःचं निवेदन. ते मराठीत लिहा आणि मग भाषांतर करून घ्या. इंग्रजीत लिहायला बसलं की “ही वॉज नॉट नाइस टू मी” यापलीकडे गाडी जात नाही. ‘तो नेहमी मारायचा’ असं न लिहिता एक-एक प्रसंग लिहा: कुठल्या खोलीत, कशावरून, तो काय बोलला, तुम्ही काय केलंत, दुसऱ्या दिवशी मुलाने काय विचारलं. तारीख आठवत नसेल तर ‘दिवाळीच्या आदल्या आठवड्यात’ चालतं. अंदाजाने ठोकलेली तारीख पोलीस रिपोर्टशी जुळली नाही की शंका येते. चांगले दिवसही लिहा, लग्न खरं असल्याचं त्यातूनच दिसतं. वाढवून काही लिहू नका.

पायरी ७: वकील

इमिग्रेशनचा सल्ला वकील किंवा अमेरिकी न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी एवढेच देऊ शकतात. टॅक्स भरून देणारे भाऊ, ट्रॅव्हल एजंट किंवा फॉर्म भरून देणारं दुकान नव्हे. वकिलाचं नाव राज्याच्या बार असोसिएशनच्या साइटवर तपासा. नवऱ्याच्या कंपनीचा वकील तुमचा वकील नाही, त्याला काहीही विचारू नका. पायरी २ मधल्या संस्था मोफत किंवा कमी फीच्या वकिलांकडे पाठवतात. पहिला प्रश्न असा विचारा: “तुम्ही आय-३६०, आय-९१८, आय-७६५व्ही यातले किती अर्ज केले आहेत?” एच-१बी करणाऱ्या नामांकित वकिलाने यातला एकही केलेला नसतो, असं सहज होतं.

अर्ज स्वतः भरायची खुमखुमी इथे आवरा. अर्ज नाकारला गेला आणि हाताशी दुसरं स्टेटस नसेल तर इमिग्रेशन कोर्टात हजर राहायची नोटीस येऊ शकते.

अर्ज गेल्यानंतर

पत्रं घरी येऊ देऊ नका. फॉर्मवर सुरक्षित पत्त्याची वेगळी जागा असते. वकिलाचा, संस्थेचा किंवा विश्वासू मैत्रिणीचा पत्ता तिथे घाला. बऱ्याच राज्यांत गुप्त पत्त्याची सरकारी योजनाही आहे. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि या अर्जांसाठी पत्ता बदलायची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी असल्याने ते वकिलामार्फत करा. पावतीची नोटीस आली की तिच्या दोन प्रती काढा, एक पर्समध्ये आणि एक मुलांच्या शाळेच्या कागदांत. आय-३६० वर काही महिन्यांनी ‘प्रथमदर्शनी पात्र’ अशी नोटीस येऊ शकते. ती मंजुरी नसते, पण काही सरकारी मदतींसाठी कामी येते, म्हणून तीही जपून ठेवा. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, वडील आजारी असले तरी आधी वकिलाला फोन. आणि अर्जाच्या स्थितीबद्दल इमिग्रेशनच्या साध्या ग्राहक सेवेला फोन केलात तर ते फार काही सांगणार नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही: गुप्ततेच्या त्याच कलमामुळे फोनवर तुम्हीच बोलताय याची खात्री पटल्याशिवाय त्यांना या फाइलबद्दल तोंड उघडता येत नाही.